कॅमेऱ्याचं सोडा, कारकुनाकडे बघा

मागच्या महिन्यात आमच्या ऑफिसात डोक्यावर एक नवीन कॅमेरा लागला, काळा गोल घुमटवाला, आणि दहा मिनिटांच्या आत ग्रुपवर कुणीतरी टाकलं की आला बाबा बिग ब्रदर. मग हसण्याच्या स्मायल्या, मग डोळ्याचं चित्र, मग एकाने जॉर्ज ऑर्वेलच्या '१९८४' या कादंबरीच्या कव्हरचा फोटो टाकला, कारण सगळ्यांवर नजर ठेवणारा हा बिग ब्रदर तिथलाच. मीही हसले. आणि हसताहसता जे काम करत होते ते करत राहिले, काम काय तर कंपनीच्या वेबसाइटवरच्या एका जुन्या पानातला एक आकडा बदलणं. त्यावर कुणी काही टाकलं नाही, टाकणार तरी काय, रोजचंच काम आहे माझं.

पण रात्री घरी आल्यावर ते डोक्यातून जाईना, म्हणून पुस्तक परत काढलं. एकोणीस-वीस वर्षांची असताना वाचलेली ती कॉपी अजून आहे माझ्याकडे, पिवळी पडलेली, आणि त्यात पेन्सिलने खुणा केल्यात. बघितलं तर सगळ्या खुणा टेलिस्क्रीनच्या जागी. घरात लावलेला तो पडदा जो बोलतो पण आणि ऐकतो पण, बंद करता येत नाही वगैरे. ऑर्वेलने कुठेही पडद्याचं नाव घेतलं की मी तिथे रेघ मारलीये. आणि नायक विन्स्टन स्मिथ ऑफिसात बसून काय काम करतो ती पानं कोरी. एक रेघ नाही. म्हणजे मी तेव्हा ती पानं उरकलीच असणार, कारकुनाचं काम काय वाचायचं.

आता परत वाचल्यावर मला वाटतं की खरं पुस्तक तिथेच आहे. आणि नुसतं हेच पुस्तक नाही, या जातीच्या बहुतेक चांगल्या कादंबऱ्यांत पाळत ठेवणारी यंत्रं दिसायला भारी असतात पण खरं काम माणसं करतात, साधी, पगारी, बऱ्यापैकी हुशार माणसं, आणि कधीकधी तर आवडीने करतात. त्याबद्दलच लिहायचंय. (पुढे शेवट वगैरे सगळे सांगितलेत, वाचायचं असेल तर आधी वाचून या.)

आधी त्या पडद्याचं. टेलिस्क्रीन विन्स्टनला नेमकं किती वेळा पकडतो हे मी यावेळी मोजत वाचलं. अटक होईपर्यंत उघडपणे एकदा. फक्त एकदा! आणि ते पण कशासाठी, तर सकाळच्या कवायतीत हा नीट वाकत नाही म्हणून त्यातली बाई त्याचा नंबर घेऊन ओरडते, ६०७९ स्मिथ डब्ल्यू, आणखी वाका. डायरी लिहिताना पडदा काही बोलत नाही, प्रेयसी ज्युलियाला भेटतो तेव्हा पण नाही. त्याला पकडतात ते कोण, तर तो ज्याच्यावर जीव टाकतो तो सत्ताधारी पक्षातला बडा अधिकारी ओब्रायन, जो सात वर्षं त्याच्यावर नजर ठेवून असतो, आणि ज्याने त्या दोघांना दुकानावरची खोली भाड्याने दिली तो जुन्या वस्तूंचा म्हातारा दुकानदार. त्या खोलीतही पडदा असतोच, भिंतीवरच्या चर्चच्या चित्रामागे, पण ते चित्र तिथे टांगलं कुणी, खोली भाड्याने कुणी दिली? माणसाने, गोड बोलून. आपल्याकडे भिंतीला कान असतात म्हणतात, पण इथे भिंतीला कान लावणारा माणूस तुमच्याशी जुन्या गाण्यांबद्दल गप्पा मारतोय.

मग पडद्याचं काम काय? पडद्याचं काम म्हणजे तुम्हाला कळू न देणं, की आत्ता कुणी बघतंय की नाही. ही आयडिया ऑर्वेलच्या दीडशे वर्षं आधीची आहे. जेरेमी बेन्थम नावाच्या इंग्रज विचारवंताने १७९१ मध्ये पॅनॉप्टिकॉन नावाच्या तुरुंगाचा आराखडा छापला, गोल इमारत, कडेने कोठड्या, मध्ये मनोरा, मनोऱ्यातला पहारेकरी कोठडीतल्या कैद्याला दिसत नाही पण कैदी त्याला दिसतो. म्हणजे मनोऱ्यात कुणी नसलं तरी चालतं. मूळ कल्पना त्याच्या भावाची, सॅम्युअलची, तो रशियात कामाला होता आणि त्याला तिथे कामगारांवर लक्ष ठेवायचं होतं. म्हणजे हे सगळं सुरू झालं तेच मुळी कामगार नीट काम करतायत का यावरून, कैदी नंतर आले. पुढे १९७५ मध्ये मिशेल फूको या फ्रेंच विचारवंताने हे उचललं आणि म्हणाला की अशा जागी माणूस स्वतःच स्वतःचा पहारेकरी होतो.

आणि हे खरंय हो, कारण आमचा तो कॅमेरा. तीन आठवडे आम्ही सगळे त्याच्याखाली सरळ बसत होतो, फोन टेबलाखाली धरत होतो, आणि मग वायरिंगवाला आला तेव्हा कळलं की तो अजून जोडलेलाच नाहीये. त्या दिवशी पण सगळे हसले. पण गंमत म्हणजे त्यानंतर पण लोक सरळच बसतायत, सवय झाली.

बरं, आता प्रचार. प्रचाराबद्दल आपली समजूत अशी असते की सरकार खोटं सांगतं आणि भोळे लोक विश्वास ठेवतात. पण या कादंबऱ्या नीट वाचल्या तर विश्वास ठेवणारे लोक फार कमी दिसतात! विन्स्टनला चॉकलेटचं रेशन आठवत असतं की तीस ग्रॅमचं वीस झालं. दुसऱ्या दिवशी बातमी येते की रेशन वाढवून वीस केल्याबद्दल लोकांनी मोर्चे काढून बिग ब्रदरचे आभार मानले. आणि विन्स्टन आजूबाजूला बघतो, कँटीनमध्ये, की कालच तर हे झालं, एका दिवसात कसं काय विसरले लोक. त्याला वाटतं सगळ्यांनी गिळलं. पण त्याला कसं कळणार? तो स्वतः पण चेहरा कोरा ठेवून बसलाय. त्याच्याकडे बघून बाजूच्यालाही तसंच वाटत असेल की यानेही गिळलं. हा मुद्दा पुस्तकात असा सरळ लिहिलेला नाहीये, हे माझं वाचन आहे, पण एकदा असं वाचलं की मग दुसरं काही दिसत नाही. पाळत तुम्हाला गप्प करते आणि सगळे गप्प झाले की त्या शांततेत प्रचाराला काहीही ओरडता येतं, पटवायची गरजच नाही. पटलेलं नाही असं तोंडावर दाखवणारा दुसरा कुणी दिसला नाही म्हणजे झालं.

'व्ही फॉर व्हेंडेटा' ही चित्रकथा ज्यांनी वाचलीये (सिनेमा नाही, मूळ कॉमिक, १९८२ मध्ये सुरू झालेली) त्यांना आठवेल की त्यातल्या हुकूमशाहीत खात्यांची नावंच मुळी शरीराच्या अवयवांवरून आहेत. कॅमेरे बघणारं खातं म्हणजे डोळा, फोन ऐकणारं म्हणजे कान, तपास करणारं नाक, गुप्त पोलीस म्हणजे बोट, आणि प्रचार करणारं म्हणजे तोंड. मला हे फार आवडतं, कारण डोळा आणि तोंड एकाच डोक्याला असतात ना. वेगवेगळी खाती नाहीतच ती.

ही एकटं पाडण्याची गोष्ट सगळ्यात भारी मार्गारेट अॅटवुडने लिहिलीये. 'द हँडमेड्स टेल' १९८५ चं आहे. त्यात सत्ताधाऱ्यांसाठी मुलं जन्माला घालायला ठेवलेल्या त्या लाल कपड्यातल्या बायकांनी बाजारात एकटीने जायचं नाही, जोडीनेच जायचं, आणि सांगताना सांगतात की तुमच्या सुरक्षेसाठी. खरं तर जोडीतली प्रत्येकजण दुसरीची पहारेकरी. कॅमेरा लागत नाही, वायर लागत नाही, खर्च शून्य. दोघी रोज चालतात, ठरलेली धार्मिक वाक्यं बोलतात, आणि दोघींनाही वाटत राहतं की समोरची खरंच भाविक आहे, आपण काही बोललो तर संपलं. मग एके दिवशी दोघी एका दुकानाच्या काचेसमोर उभ्या असतात, आत प्रार्थना छापणारी यंत्रं चाललेली असतात, आणि काचेत एकमेकींचं प्रतिबिंब दिसतं आणि पहिल्यांदा त्या एकमेकींच्या डोळ्यांत बघतात, आणि एक विचारते, तुला काय वाटतं, देव ऐकतो का या यंत्रांचं. बस. एवढा एक प्रश्न. कित्येक महिने दोघी एकच नाटक एकमेकींसाठी करत होत्या! मी हे वाचताना पुस्तक खाली ठेवलं होतं थोडा वेळ. स्फोट नाही, बंड नाही, फक्त कळलं की दुसरी पण नाटकच करतेय.

म्हणूनच हल्लीच्या त्या सिरीज मला बघवत नाहीत ज्यात शेवटी हिरो मोठ्या टॉवरमध्ये घुसतो, सर्व्हर उडवतो, आणि सगळ्या शहराचे डोळे एकदम उघडतात. कसले उघडतायत. शेजारचा काय विचार करतो हे तुम्हाला सर्व्हर उडाल्यावर कसं काय कळणार.

आता मुख्य मुद्दा, कारकून. विन्स्टन स्मिथ पीडित आहे हे सगळ्यांना आठवतं, पण तो काम काय करतो हे कुणाला आठवत नाही. तो प्रचार खात्यातच नोकरीला आहे! सत्य मंत्रालय, रेकॉर्ड विभाग. जुन्या पेपरातले आकडे आणि भाषणं आजच्या गरजेप्रमाणे दुरुस्त करणं हे त्याचं काम, आणि खोटं म्हणायचं नाही, दुरुस्ती म्हणायचं. ते चॉकलेट आठवतंय? रेशन कमी करणार नाही असं दुसऱ्या एका मंत्रालयाने आधी वचन दिलेलं असतं, ते वचन बदलून तिथे रेशन बहुधा कमी करावं लागेल असा इशारा घालणारा माणूस विन्स्टनच. स्वतःच्या हाताने बदलतो आणि मग कँटीनमध्ये बसून लोक कसे विसरले म्हणून हैराण होतो. हे मला वयाच्या विसाव्या वर्षी अजिबात दिसलं नव्हतं.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे त्याला हे काम आवडतं. ऑर्वेलने हे लपवलेलंच नाहीये, आयुष्यातला सगळ्यात मोठा आनंद त्याला कामातच मिळतो असं लिहिलंय. एक प्रसंग आहे, एका जुन्या भाषणात बिग ब्रदरने ज्याचं कौतुक केलेलं असतं तो माणूस आता 'नव्हताच' झालाय, म्हणजे सगळ्या नोंदींतून पुसायचा, मग त्या जागी दुसरं काहीतरी घालायला हवं. विन्स्टन विचार करतो आणि सरळ एक माणूसच तयार करतो, कॉम्रेड ओगिल्वी. तिसऱ्या वर्षी ढोल, मशीनगन आणि हेलिकॉप्टर सोडून बाकी खेळणी नाकारली, अकराव्या वर्षी काकाला पोलिसांत दिलं, तेविसाव्या वर्षी हेलिकॉप्टरमधून समुद्रात उडी मारून शहीद झाला. काय मजेत लिहिलंय! आणि मग विन्स्टन क्षणभर विचार करतो की याला एखादं पदक पण द्यावं का, आणि नको म्हणतो. का? तर पदक दिलं की बाकीच्या सगळ्या नोंदी तपासून जुळवत बसावं लागेल, उगाच काम वाढेल. मी इथे जोरात हसले आणि मग हसू थांबलं, कारण हे मी स्वतः केलेलं आहे. खोटेपणा कुठे थांबतो, तर नैतिकतेपाशी नाही, आळसापाशी.

हे सगळं ऑर्वेलला कुठून माहीत? लोक म्हणतात रशियावरून. अर्धं रशियावरून, बरोबर. पण उरलेलं त्याच्या स्वतःच्या नोकरीवरून. १९४१ ते १९४३ तो बीबीसीच्या पूर्वेकडच्या विभागात होता, युद्धाच्या काळात भारतासाठी कार्यक्रम बनवायचे, म्हणजे सरळ सांगायचं तर साम्राज्याच्या बाजूने रेडिओ प्रचार, आणि ते पण सेन्सॉरकडून तपासून घेऊन. त्याची बायको आयलीन काही काळ सेन्सॉरशिप खात्यात कामाला होती. लंडनमधली सेनेट हाउस नावाची जी उंच पांढरी इमारत आहे तिच्यात तेव्हा माहिती मंत्रालय होतं, आणि कादंबरीतलं सत्य मंत्रालय दिसायला तिच्यावरूनच आलं असं मानतात. आणि ती भयंकर खोली नंबर १०१, तिचा नंबर म्हणजे बीबीसीच्या एका मीटिंग रूमचा नंबर! ज्याने कधी कंटाळवाण्या मीटिंगा केल्यात त्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

बरं एवढ्यावरच थांबत नाही. ऑर्वेलवर स्वतः पाळत होती. १९२९ पासून ब्रिटिश गुप्तहेर खात्यात त्याची फाइल होती, ती २००७ मध्ये खुली झाली, आणि त्यात एका पोलिसाने त्याच्या भटक्या कलाकारासारख्या कपड्यांचीही नोंद केलीये. आणि त्याच ऑर्वेलने १९४९ मध्ये, म्हणजे कादंबरी आली त्याच वर्षी, आजारी असताना ३८ जणांची यादी सरकारच्या एका प्रचार खात्यातल्या मैत्रिणीला दिली, की हे लोक कम्युनिस्टांकडे झुकलेले आहेत, यांना लिहायची कामं देऊ नका. त्यावर अजून भांडणं होतात, काही म्हणतात गद्दारी, काही म्हणतात त्यात काय एवढं, कुणाला तुरुंगात टाका असं तर म्हणाला नाही. मला विचाराल तर मला त्या यादीमुळे कादंबरी जास्त खरी वाटते. पाळतीत राहिलेला, प्रचार केलेला, आणि नावं पण दिलेला माणूस आहे तो. बाहेरून बोट दाखवत नाहीये.

त्याच्या आधीच्या रशियन पुस्तकाबद्दल सांगायलाच हवं. येवगेनी झाम्यातिन, १९२० च्या सुमाराला लिहिलेली कादंबरी, १९२४ मध्ये इंग्रजी भाषांतर न्यूयॉर्कला छापून आलं, पण खुद्द सोविएत रशियात छापायला १९८८ उजाडलं. रशियनमध्ये तिचं नाव साधारण 'मी' असं ऐकू येतं आणि अर्थ काय तर 'आम्ही'. मराठी माणसाला हे वाचून मजा येते की नाही, कारण त्या जगात 'मी' हाच गुन्हा आहे, सगळे फक्त 'आम्ही', नावाऐवजी नंबर. घरं काचेची, सगळ्यांना सगळं दिसतं, पडदा ओढायचा तर ठराविक तासाला आणि त्याला गुलाबी कूपन लागतं. आणि नायक डी-५०३ ला या काचेचा अभिमान वाटतो! लपवायचंच काय आहे म्हणतो. (हे वाक्य हल्ली किती वेळा ऐकतो आपण.) त्याची डायरी म्हणजेच ती कादंबरी, पण लक्षात घ्या, डायरी सुरू होते ती प्रचार म्हणून. सरकार जाहीर करतं की आपलं यान दुसऱ्या ग्रहांवर जाणार आहे, तिथल्या लोकांसाठी आपल्या राज्याची स्तुती लिहून द्या, आणि हा इंजिनियर आनंदाने लिहायला बसतो. लिहितालिहिता त्यातून स्वतःच बाहेर यायला लागतो, त्याचा त्यालाच धक्का बसतो. ऑर्वेलने १९४६ मध्ये या पुस्तकावर लेख लिहिला होता, म्हणजे '१९८४' च्या आधी वाचलं होतं. पण मला वाटतं प्रचारपत्र लिहितालिहिता माणूस उगवणं ही गोष्ट ऑर्वेलला पण एवढी जमली नाही.

ऑल्डस हक्सली या इंग्रज लेखकाबद्दल थोडक्यात, कारण 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड' मला कधी एवढं भिडलं नाही, सगळी पात्रं भाषणं देतात. पण एक हिशोब भारी आहे. त्यात लहान मुलांना झोपेत वाक्यं ऐकवतात, रात्रीत शंभर वेळा, आठवड्यातून तीन रात्री, चार वर्षं. गुणाकार करा, ६२,४०० येतात. एवढ्या वेळा ऐकलं की एक सत्य तयार होतं असा त्यांचा भाव ठरलेला. १९३२ चं पुस्तक आहे. तिथे पाळत जवळजवळ लागतच नाही कारण आतूनच सगळं भरून ठेवलंय. '१९८४' वाचल्यावर हक्सलीने ऑर्वेलला पत्र पाठवलं होतं, ज्याचा सूर साधारण असा की छान आहे पण पुढचे राज्यकर्ते एवढी मारहाण करणार नाहीत, माझी पद्धत स्वस्त पडते. (हक्सलीने ऑर्वेलला शाळेत थोडे दिवस फ्रेंच शिकवलं होतं, त्यामुळे मास्तरने पेपर तपासल्यासारखं वाटतं ते पत्र.)

डोळा आणि तोंड एकत्र कसं काम करतात याचा सगळ्यात नेमका सीन मात्र रे ब्रॅडबरी या अमेरिकन लेखकाच्या 'फॅरनहाइट ४५१' मध्ये आहे, १९५३ चं. सगळ्यांना त्यातली पुस्तकं जाळणं आठवतं. मला आठवतो तो शेवटचा पाठलाग. नायक माँटॅग पळतोय, मागे यांत्रिक कुत्रा, वर हेलिकॉप्टर, आणि सगळं टीव्हीवर लाइव्ह. मग टीव्हीवरून सांगतात की त्या भागातल्या सगळ्यांनी दहा आकडे मोजल्यावर एकाच वेळी आपापलं दार उघडून बाहेर बघा, तो पळून जाऊच शकणार नाही. म्हणजे प्रेक्षकांनाच कॅमेरा करून टाकला! आणि तरी तो निसटतो, नदीत उतरतो, वास तुटतो. आता प्रेक्षक तर थांबलेत, शो संपवायला हवा. मग ते रस्त्यावर एकटा फिरायला निघालेला कुणीतरी माणूस शोधतात, त्याच्यावर कुत्रा सोडतात, चेहरा नीट दाखवत नाहीत, आणि जाहीर करतात की माँटॅग मेला. लांबून माँटॅग ते बघतो. तो माणूस पण त्यांना आयत्या वेळी कसा सापडला, तर असे एकटे चालणारे लोक विचित्रच, म्हणून आधीपासून नोंद असते त्यांची. यात पाळत फसलेली आहे, खरा माणूस सापडलेला नाही, पण प्रचाराने ती भरून काढली. आणि ब्रॅडबरी तर म्हणतो की हे वरून आलंच नाही, लोकांनी आधी वाचणं सोडलं, सरकार नंतर आलं. माँटॅगची तक्रार करणाऱ्यांत त्याची बायकोच असते, भिंतीएवढे तीन टीव्ही घरात आणि चौथा पाहिजे म्हणून मागे लागलेली.

कुणी म्हणेल कादंबरीत चालतं हे सगळं. पण खऱ्या जगात पण कारकूनच लागले. पूर्व जर्मनीचं गुप्त पोलीस खातं श्टाझी, १९८९ मध्ये साधारण ९१,००० पूर्णवेळ नोकर, आणि वर पावणेदोन लाखांच्या आसपास बिनपगारी-अर्धपगारी खबरे, देशाची लोकसंख्या जेमतेम १.६ कोटी. फाइली एका रांगेत ठेवल्या तर १११ किलोमीटर. यातलं बहुतेक हाताने आणि टाइपरायटरवर केलंय. १९९२ मध्ये लोकांना आपापल्या फाइली बघायची परवानगी मिळाली तेव्हा एका कार्यकर्तीला कळलं की आपली खबर देणारा आपला नवराच होता. 'द लाइव्ह्ज ऑफ अदर्स' हा २००६ चा जर्मन सिनेमा यावरच आहे, त्यातला अधिकारी कानाला हेडफोन लावून एका नाटककाराचं घर ऐकत बसतो आणि हळूहळू त्याच्या बाजूचा होतो, खोटे रिपोर्ट लिहून त्याला वाचवतो. सिनेमा फार सुंदर आहे, मी रडलेय, पण त्यावर टीका झाली की असा पाघळलेला अधिकारी खऱ्या श्टाझीत झालाच नाही, तशी रचनाच नव्हती. एकमेकांवर नजर ठेवणारे एवढे होते की एकाला पाघळायला जागाच नाही.

आणि विन्स्टनच्या कामाचा खराखुरा नमुना म्हणजे मोठा सोविएत विश्वकोश. १९५३ मध्ये स्टालिन गेला, मग त्याच्या गुप्त पोलिसांचा एकेकाळचा प्रमुख बेरिया पकडला गेला आणि त्याला गोळी घातली. पण विश्वकोशाचा तो खंड, ज्यात बेरियाची भरघोस नोंद, तो तर आधीच घरोघरी पोचलेला. मग वर्गणीदारांना पाकीट आलं, त्यात नवीन पानं, ज्यावर बेरिंग समुद्राची वगैरे माहिती, आणि सूचना की जुनी पानं कात्रीने किंवा ब्लेडने कापा आणि ही चिकटवा. कादंबरी येऊन चारपाच वर्षं झाली होती तेव्हा. मला सारखा तो एखादा लायब्ररीतला माणूस डोळ्यासमोर येतो, चष्मा लावून, पट्टी धरून, सरळ रेषेत कापतोय. व्यवस्थित कापलं असेल त्याने, वाकडंतिकडं नको दिसायला.

२००९ मध्ये अॅमेझॉनने किंडलवर विकत घेतलेली काही पुस्तकं लोकांच्या यंत्रातून परस्पर काढून घेतली, कारण विकणाऱ्याकडे हक्क नव्हते, पैसे परत दिले, नंतर माफी पण मागितली. पण पुस्तकं कुठली होती? '१९८४' आणि 'अॅनिमल फार्म'. असं कुणी कथेत लिहिलं असतं तर आपण म्हटलं असतं फारच ओढूनताणून आहे. एका शाळकरी मुलाने त्यात अभ्यासाच्या नोंदी केल्या होत्या, त्या पुस्तक गेल्यावर निरुपयोगी झाल्या. माझ्या पेन्सिलच्या रेघा निदान जागेवर आहेत, चुकीच्या जागी असल्या तरी.

तर आता माझा आकडा. आमच्या वेबसाइटवर ग्राहकांसाठी एक पान आहे, त्यावर होतं की पैसे ७ दिवसांत परत मिळतील. ते जमेना, म्हणून कॅमेरा लागला त्या दिवशी मला मेल आला की ७ चे १५ करा. मी केले. पानाखाली 'शेवटचा बदल' अशी तारीख येते, ती पण काढायला सांगितली होती, ती काढली. मग या आठवड्यात काहीतरी सुधारणा झाली आणि पोस्ट लिहायला सांगितली, ती मीच लिहिली, की आनंदाची बातमी, आता तुमचे पैसे फक्त १० दिवसांत! मी उद्गारचिन्ह पण घातलं, आणि 'फक्त' ठळक केलं, कारण ते तसं जास्त चांगलं दिसत होतं. खरं सांगते, लिहिताना चॉकलेट आठवलं नाही. पोस्ट टाकून झाली, बरेच लाइक आले, ऑफिसच्या ग्रुपवर बॉसने अंगठा दिला, आणि मग घरी येताना आठवलं.

खाली एकाच माणसाने कॉमेंट केली होती, आधी सात दिवस होतं ना? सकाळी मी बघितलं तर त्याला कुणी उत्तर दिलेलं नव्हतं. मी त्या पानाची जुनी कॉपी शोधली, माझ्या लॅपटॉपवर होती, त्यात सात स्पष्ट दिसत होतं. थोडा वेळ कॉमेंटकडे बघत बसले. मग वरून दुसऱ्या कामाचा मेल आला.